खुब्याचं काम, मनगटाचं काम

1916 साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या आघाडीवर अर्नेस्ट जोन्स या इंग्रज गोल्फपटूचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. युद्धाआधी तो इंग्लंडमधल्या एका क्लबचा व्यावसायिक होता. खेळणं आणि शिकवणं यावरच त्याचं पोट होतं. जखम भरल्यावर, कृत्रिम पाय बसवण्याआधीच, तो मैदानावर गेला, चेंडूपाशी एका पायावर तोल सांभाळून उभा राहिला आणि पूर्ण फेरी खेळला. दोन्ही पाय धड असलेल्या हौशी खेळाडूला हेवा वाटावा इतक्या कमी फटक्यांत त्यानं ती संपवली.

या अनुभवाचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. पाय कसे ठेवावेत, खुबे कधी वळवावेत, वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं न्यावं, याबद्दल गोल्फचे शिक्षक तासन्‌तास बोलत. त्यातलं निम्मं जोन्सला आता करताच येत नव्हतं, तरी क्लब पूर्वीसारखाच फिरत होता. त्यानं निष्कर्ष काढला की हातांना क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या टोकाच्या डोक्याचा, झोका जाणवला पाहिजे, एवढंच खेळाडूनं पाहावं. बाकीचं अंग आपोआप मागून येतं. पुढे तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये चार भिंतींच्या आत बसून आयुष्यभर एवढंच शिकवत राहिला. रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून तो झुलवून दाखवायचा आणि म्हणायचा, असाच क्लब झुलवा. 1932 ते 1934 अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची महिला हौशी स्पर्धा जिंकणारी व्हर्जिनिया व्हॅन वाय ही त्याचीच शिष्या.

आता दुसरा माणूस. फेब्रुवारी 1949 मध्ये टेक्सासमधल्या एका रस्त्यावर, धुक्यात, बेन होगनच्या मोटारीवर समोरून बस आदळली. कमरेचं हाड, गळपट्टीचं हाड, घोटा, बरगडी, सगळंच मोडलं. तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती. सोळा महिन्यांनी, पायांना पट्ट्या गुंडाळून, त्यानं मेरियनच्या मैदानावर यू. एस. ओपन जिंकली. 1957 साली त्याचं ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक आलं. हर्बर्ट वॉरन विंडच्या मदतीनं लिहिलेलं आणि अँथनी रॅव्हिएलीच्या चित्रांनी सजलेलं हे पुस्तक गोल्फच्या जगात आजही सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत आहे. त्यात होगन सांगतो की क्लब वरून खाली आणायचा तो खुबे डावीकडे वळवून. त्या घडीला हातांनी स्वतःहून काहीच करायचं नाही.

एक म्हणतो हात, दुसरा म्हणतो खुबे. दोघंही अव्वल दर्जाचे, दोघांकडूनही शेकडो जण शिकले. गोल्फ शिकणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा या दोघांच्या मध्ये सापडतो. म्हणून हा प्रश्न ‘कुणाचं बरोबर’ असा न मांडता, क्लब फिरताना शरीरात प्रत्यक्षात काय घडतं, इथून सुरुवात करू. (या प्रकरणात खेळाडू उजवा धरला आहे, डाव्यांनी उजवं-डावं उलट करून वाचावं.)

ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबच्या, क्लबहेडचं वजन साधारण 200 ग्रॅम असतं. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे पुरुष खेळाडू ते ताशी 180 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 50 मीटर वेगानं चेंडूवर आणतात. शाळेत शिकलेलं गतिज ऊर्जेचं सूत्र लावलं तर नुसत्या त्या डोक्यात 250 ज्यूल ऊर्जा भरलेली असते. वरून खाली येण्याला लागतो सुमारे पाव सेकंद. म्हणजे पाव सेकंदभर सरासरी 1000 वॅट, एका अश्वशक्तीहून जास्त ताकद, फक्त क्लबहेडसाठी खर्च होते. हात, दांडा आणि धड यांना फिरवायला लागणारी ताकद वेगळी. तळहात आणि कोपराखालच्या स्नायूंच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. ते मांड्या, नितंब, पोट आणि पाठ इथल्या मोठ्या स्नायूंचं आहे. ताकदीचा उगम कुठे, या प्रश्नापुरता होगन निर्विवाद बरोबर आहे.

पण ही ताकद क्लबहेडपर्यंत पोचते कशी? इथे जोन्सच्या रुमालाकडे परत यावं लागतं, आणि मराठी वाचकासाठी रुमालापेक्षा गोफण जास्त ओळखीची. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा राहिलेला माणूस गोफण फिरवतो तेव्हा त्याचा हात लहानशा वर्तुळात, बेताच्या वेगानं फिरतो. दगड मात्र मोठ्या वर्तुळात त्याच्या कितीतरी पट वेगानं जातो. सुटायच्या वेळी हात जवळजवळ थबकलेला असतो आणि त्याचा वेग दोरीतून दगडात गेलेला असतो. गोफणीच्या दोरीला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं, म्हणून राखणदाराची चूक होत नाही. गोल्फच्या क्लबला मात्र ताठ दांडा आहे. तो ढकलता येतो, आणि नवशिका नेमकं तेच करतो.

1968 साली ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात गोल्फच्या स्विंगचा एक साधा नमुना मांडला. ‘गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन’च्या पुढाकारानं झालेल्या संशोधनातून हे पुस्तक उभं राहिलं. नमुन्यात दोनच दांडे: वरचा म्हणजे खांदे आणि हात, खालचा म्हणजे क्लब, आणि दोघांना जोडणारी बिजागरी म्हणजे मनगटं. वरच्या दांड्याला मधल्या आसाभोवती फिरवलं की सुरुवातीला खालचा दांडा मागेच राहतो, काटकोनात मोडलेला. मग वेग वाढतो, क्लबहेड बाहेरच्या बाजूला ओढ घेऊ लागतं आणि बिजागरी आपसूक उघडते. ती उघडताना वरच्या दांड्याचा वेग कमी होतो आणि खालच्याचा वाढतो. अव्वल खेळाडूंच्या मोजमापांत हेच दिसतं: चेंडूला क्लब लागायच्या आधीच त्यांचे हात मंदावू लागलेले असतात.

शरीराच्या बाकीच्या भागांतही हाच क्रम चालतो. अंगाला संवेदक लावून मोजलं की कसलेल्या खेळाडूत सगळ्यात आधी ओटीपोटाच्या हाडांचा कमाल वेग येतो, मग छातीचा, मग हातांचा आणि शेवटी क्लबचा. प्रत्येक टप्प्याचा वेग आधीच्यापेक्षा जास्त, आणि आधीचा भाग मंदावतो तेव्हा पुढचा उसळतो. या क्रमाची सुरुवात त्याहूनही खाली होते. लांब फटका मारणारे खेळाडू क्लब खाली येऊ लागताच डाव्या पायानं जमीन दाबतात, आणि त्या दाबाचं मोजमाप काही क्षण त्यांच्या स्वतःच्या वजनाहूनही जास्त भरतं. त्या दाबामुळेच डावा खुबा मागे सरकतो आणि धड वळतं. चेंडूला क्लब लागतो तेव्हा त्यांचे खुबे लक्ष्याच्या दिशेनं 40 अंशांच्या आसपास उघडलेले असतात. सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्यांत हे वळण बरंच कमी दिसतं.

मग जोन्स एका पायावर कसा खेळला? त्याचा उरलेला पाय डावा होता. चेंडूला क्लब लागतो तेव्हा दोन्ही पाय असलेल्या माणसाचंही बहुतेक वजन डाव्या पायावरच गेलेलं असतं आणि सगळं धड डाव्या खुब्याभोवती वळत असतं. जोन्स सुरुवातीपासूनच तिथे उभा होता. त्याची छाती वळत होती, खांदे वळत होते, डावा खुबा वळत होता. ते त्याच्या ध्यानात येत नव्हतं, इतकंच. जे आपोआप घडतं ते जाणवत नाही आणि ज्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं ते जाणवतं. माझ्या मते हात आणि धड यांच्यातल्या शंभर वर्षांच्या वादाचं मूळ इथे आहे: शिक्षक आपल्याला काय जाणवतं ते सांगतात, आणि शिकणारा समजतो की ते काय घडतं ते सांगत आहेत.

वळणं कुठून होतं, याबद्दलही मोठा गैरसमज आहे. ‘कंबर वळव’ असं सर्रास सांगितलं जातं. पण कमरेच्या पाच मणक्यांची रचना वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नाही. ते सगळे मिळून एका बाजूला मोजक्याच अंशांत वळतात. खरं वळण त्यांच्या वर आणि खाली होतं: वर छातीच्या मणक्यांत, खाली खुब्याच्या सांध्यांत. क्लब मागे नेताना खांदे सुमारे 90 अंश आणि खुबे सुमारे 45 अंश वळतात, हा जुना ठोकताळा. 1992 मध्ये जिम मॅकलीन या शिक्षकानं या दोहोंतल्या फरकाला ‘एक्स-फॅक्टर’ हे नाव दिलं आणि फरक जितका मोठा तितका फटका लांब, ही कल्पना घरोघर पोचली. तरुण, लवचीक शरीराला ती मानवते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचे खुबे आवळलेले असतात. त्यानं खुबे जागीच धरून खांदे ओढले तर सगळा पीळ कमरेच्या मणक्यांवर येतो. गोल्फपटूंच्या दुखापतींमध्ये कंबरदुखीचा क्रमांक वरचा आहे. टायगर वूड्सच्या पाठीवर 2014 पासून एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि 2017 मध्ये कमरेचे मणके सांधावे लागले. अशा माणसाला मी तर सांगेन की क्लब मागे नेताना उजवी टाच स्थिर राहू दे, पण डावी टाच खुशाल उचलू दे आणि खुब्यांना हवं तितकं वळू दे. जुने खेळाडू असंच खेळत, आणि वयाच्या सत्तरीतही खेळत.

आता हातांकडे येऊ. ताकदीचा उगम हातांत नाही म्हणून त्यांचं काम हलकं ठरत नाही. सेकंदाला 50 मीटर वेगानं वर्तुळात जाणारं 200 ग्रॅमचं डोकं बाहेरच्या बाजूला सुमारे 30 किलो वजनाइतकी ओढ लावतं. ती ओढ पेलणं आणि तरीही मनगटं सैल ठेवणं, हे हातांचं पहिलं काम. मूठ घट्ट आवळली की मनगट ताठरतं, बिजागरी गंजते आणि धडानं कमावलेला वेग वाटेतच अडतो. हॅरी व्हार्डननं रूढ केलेली, उजव्या करंगळीला डाव्या बोटांवर चढवणारी पकड असो किंवा जॅक निक्लॉस आणि टायगर वूड्स यांची करंगळी अडकवणारी पकड असो, दोन्हींचा हेतू एकच: दोन हातांनी एकमेकांशी न भांडता एकत्र हलावं.

दुसरं काम त्याहून नाजूक, ते म्हणजे क्लबफेसची, चेंडूला भिडणाऱ्या बाजूची, दिशा. चेंडू कुठल्या दिशेनं निघेल हे मुख्यतः फेस कुठे पाहतो आहे यावर ठरतं. फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे तो हवेत वळतो. फेस नुसता 3 अंशांनी उघडा राहिला तरी 200 मीटरवर चेंडू नऊ-दहा मीटर उजवीकडे जातो, वर हवेत वळेल ते निराळंच. आणि हा फेस स्थिर नसतो. क्लबहेडचं वजन दांड्याच्या एका बाजूला लटकलेलं असल्यामुळे खाली येताना फेस उघडू पाहतो. कोपराखालचा हात पिळून तो बंद करावा लागतो. चेंडूपाशी येताना बऱ्याच खेळाडूंचा फेस सेकंदाला 2000 अंशांहून जास्त वेगानं बंद होत असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी घाई किंवा उशीर झाला तर दोन अंशांचा फरक पडतो.

मग हे ऐन वेळी हातांनी सांभाळायचं का? शक्यच नाही. चेंडू आणि क्लब यांची भेट होते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात क्लबहेड जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे जातं, आणि धडकेचा हादरा दांड्यातून हातात पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. डोळ्यांनी पाहून हाताला प्रतिसाद द्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो आणि संपूर्ण खाली येणंच पाव सेकंदात उरकतं. म्हणजे फेसची दिशा ठरते ती आधी: चेंडूपाशी उभं राहून पकड घेतली तेव्हा, आणि क्लब वर असताना डावं मनगट कुठल्या बाजूला वाकलेलं होतं यावरून.

होगनचा उपदेश समजायला हीच किल्ली आहे. तरुणपणी त्याचा चेंडू डावीकडे जोरात वळून बाहेर जाई. या वळणानं, म्हणजे हूकनं, त्याची अनेक वर्षं खाल्ली. त्याचे हात इतके चपळ होते की फेस वेळेआधी बंद होई. म्हणून त्यानं डाव्या हाताची पकड सैलावली, म्हणजे हात दांड्यावर डावीकडे फिरवून ठेवला. क्लब वर असताना डावं मनगट पाठीमागे किंचित वाकवलं, आणि 1955 मध्ये ‘लाइफ’ मासिकात तेच आपलं गुपित म्हणून जाहीर केलं. असं केल्यावर फेस बंद होण्याची भीतीच उरली नाही आणि त्याला खुबे व धड पूर्ण ताकदीनं वळवता येऊ लागलं. ‘फाइव्ह लेसन्स’मध्ये तो हेही लिहितो की खुब्यांनी सुरुवात करून दिल्यावर, चेंडूपाशी, उजव्या हाताचा जोर हवा तेवढा लावता येतो. हे वाक्य वाचकांच्या लक्षात कमी राहतं.

आता दहा हौशी गोल्फपटू पाहा. त्यांच्यातल्या बहुतेकांचा चेंडू उजवीकडे वळतो. त्यांना स्लाइसचा रोग आहे. फेस त्यांचा आधीच उघडा. त्यांनी होगनचं पुस्तक वाचून पकड आणखी सैल केली, हात शांत ठेवले आणि अंग जोरात वळवलं, तर फेस आणखी उघडा पोचतो आणि चेंडू आणखी उजवीकडे जातो. औषध उत्तम आहे, पण दुसऱ्याच रोगावरचं. अशा खेळाडूला आधी हात शिकवायला हवेत: डावा हात दांड्यावर थोडा उजवीकडे फिरवून धरणं, आणि कोपराखालचा हात पिळून फेस बंद होऊ देणं. चेंडू एकदा डावीकडे वळून दाखवला की मग धडाच्या वळणाबद्दल बोलावं. हा क्रम उलटा केला की माणूस वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहतो, असं मला ठामपणे वाटतं.

एकेकाळी सगळेच हातांबद्दल बोलत, त्याचंही ठोस कारण होतं. जुने दांडे हिकरी लाकडाचे. ते वाकत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिळले जात. धडाचा जोर एकदम लावला तर क्लबहेड मागे पडे आणि फेस उघडाच राही. म्हणून लय सावकाश ठेवायची आणि हातांनी फेस जागेवर आणायचा, हीच त्या काळची गरज होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोलादी दांडे आले. सेंट अँड्रूजच्या नियामक मंडळानं त्यांना 1929 मध्ये मान्यता दिली. पोलाद फारसं पिळलं जात नाही. हिकरीवर वाढलेल्या बायरन नेल्सनला कळलं की आता हातांनी इतकी वळवावळव करायची गरज नाही, उलट त्यानंच घात होतो. त्यानं पाय आणि खुबे यांचा जोर वाढवला, हात शांत केले. 1945 साली त्यानं एका वर्षात 18 स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या 11 सलग. आजचा स्विंग म्हणतात त्याचा आरंभ बहुतेक जाणकार नेल्सनपासून धरतात.

आजच्या खेळाडूंतही एकच साचा दिसत नाही. डस्टिन जॉन्सन क्लब वर नेतो तेव्हा त्याचं डावं मनगट होगनच्या नेमकं उलट, तळहाताच्या बाजूला वाकलेलं असतं. फेस आधीच बंद असतो. म्हणून त्याला खाली येताना धड वळवत राहावंच लागतं. थांबला तर चेंडू डावीकडे गेला. 2020 ची मास्टर्स स्पर्धा त्यानं 268 फटक्यांत, विक्रमी आकड्यानं जिंकली. जॉन राहमच्या उजव्या पायात जन्मतः व्यंग होतं. तो क्लब थोडाच मागे नेतो आणि तसंच मनगट वाकवून धड वळवतो. जिम फ्युरिकचा क्लब वर जाऊन विचित्र वळसा घेतो, पण चेंडूपाशी येतो तेव्हा कुठल्याही पुस्तकातल्या चित्राइतका नेटका असतो. 2016 मध्ये त्यानं 58 फटक्यांत फेरी संपवली; पीजीए टूरवर त्याआधी इतकी कमी संख्या कुणाचीच नव्हती. या तिघांचा क्लब वर न्यायचा ढंग प्रत्येकाचा वेगळा आहे. मात्र ज्याचं मनगट जसं, त्याला साजेसंच त्याचं धड वळतं.

आपल्याकडे गोल्फकडे वळणारी बरीच माणसं क्रिकेटमधून येतात, त्यांच्यासाठी एक मुद्दा. उजव्या फलंदाजाचा वरचा हात डावा, आणि गोल्फमध्येही वरचा हात डावाच. त्यामुळे सरळ बॅटनं खेळणाऱ्याला अर्धा धडा आधीच येत असतो. अडचण होते ती खालच्या हातानं ओढून मारण्याची सवय असलेल्यांची. क्रिकेटमध्ये चेंडू वेगानं अंगावर येतो आणि खालच्या हाताला ऐन वेळी पुष्कळ काही बदलावं लागतं. गोल्फमध्ये चेंडू जागीच असतो, तो वाट पाहतो. उजव्या हातानं वरूनच क्लब चेंडूवर फेकला की बिजागरी चेंडूच्या बरीच आधी उघडते, क्लब बाहेरून आत येतो आणि वेगही जातो. अशा खेळाडूला क्लब वर गेल्यावर ‘थांब’ म्हणून भागत नाही. त्याला डाव्या टाचेनं जमीन दाबायला सांगितलं की उजवा हात आपोआप क्षणभर मागे राहतो.

हिरवळीजवळच्या छोट्या फटक्यांत हिशेब बदलतो. तिथे ताकद लागतच नाही, म्हणून माणसाला वाटतं नुसत्या मनगटानं भागेल. मनगटानं चेंडू उचलायला गेलं की क्लब एकदा जमिनीत रुततो, एकदा चेंडूच्या डोक्यावर आपटतो. चांगले खेळाडू वीस मीटरच्या फटक्यालाही छाती थोडी वळवतात आणि हात छातीसमोर ठेवतात. पटिंगमध्ये, म्हणजे हिरवळीवर चेंडू छिद्राकडे लोटताना, तर हात जवळजवळ निवृत्तच केले जातात, खांदे झुलतात. बारीक स्नायू दडपणाखाली थरथरतात, आणि बर्नहार्ड लँगरसारख्या मातब्बर खेळाडूलाही त्या थरथरीनं अनेकदा छळलं आहे.

हे सगळं स्वतःच्या अंगात उतरवायचं तर जुना मोटारीचा टायर आणि एक जुना आयर्न क्लब पुरे. तीनदा ब्रिटिश ओपन जिंकणारा हेन्री कॉटन हा हातांच्या पंथाचा मोठा पुरस्कर्ता; तो शिष्यांना जमिनीवर ठेवलेल्या टायरवर क्लब मारायला लावी, कधी दोन्ही हातांनी, कधी एकेकानं. त्याचा उद्देश हात बळकट करण्याचा होता. पण टायर आणखीही बरंच सांगतो. नुसत्या हातांनी मारलं तर टायर हलत नाही आणि मनगट मोडून क्लब हातांच्या पुढे निसटतो. नुसतं अंग वळवलं आणि हात ढिले सोडले तर फेस उघडाच आपटतो आणि दांडा मुठीत फिरतो. डावा पाय रोवून, खुबा वळवून, हात क्लबहेडच्या थोडे पुढे असताना ठोसा बसला तर टायर सरळ रेषेत पुढे सरकतो. आधी हळू मारावं, अर्ध्या उंचीवरून, आणि टायर कुठल्या बाजूला सरकला ते दर वेळी पाहावं. तो उजवीकडे सरकत असेल तर पकड आणि डावं मनगट तपासावं, जागचा हलतच नसेल तर पाय आणि खुबे.